उपाशी बरण्या

“आपल्या घराण्यात आजवर कुणी कुणावर जळलेलं नाही,” अण्णा उभे राहून म्हणाले. “पिढ्यान् पिढ्या भट्टीशेजारी काढल्या, पण या घरात जळला असेल तर पाव जळला. माणूस नाही. छातीवर हात ठेवून सांगतो.”

छातीवर हात त्यांनी खरोखरच ठेवला. डोळे मात्र धाकट्या मुलाच्या, म्हणजे काकांच्या, बशीवर होते. केकचा कडेचा खरपूस तुकडा त्या बशीत गेला होता, आणि कडेचा तुकडा कुणाचा असतो हे त्या घरात सांगावं लागू नये असं अण्णांचं मत होतं.

“तो तू घेतलास वाटतं,” छातीवरचा हात न काढता ते म्हणाले. “घे, घे. मला काय, मधला मऊ चालतो. म्हाताऱ्यांसाठीच असतो तो.”

काकांनी मुकाट्यानं बशी सरकवली. अण्णा बसले आणि सभा सुरू झाली.

सभा म्हणजे बेकरीच्या मागच्या खोलीतल्या लांबलचक टेबलाभोवती जमलेलं घर. आठवडाभर या टेबलावर मैदा मळला जाई. रविवारी भट्टी बंद, म्हणून त्यावर सगळे एकत्र जेवत, आणि जेवण झालं की भांडत. आत्याच्या लग्नातलं खुर्च्यांचं प्रकरण याच टेबलावर मिटलं होतं. म्हणजे पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं. आज टेबलाच्या मधोमध एक काचेची बरणी होती. तिच्या अंगावर निळ्या शाईत ‘उपाशी’ अशी चिठ्ठी. आतलं खमीर झाकणाला भिडेपर्यंत फुगलेलं, बुडबुडे सोडणारं, एकूण दृष्ट लागावी असं. आणि तळाशी, काचेला चिकटून, साखरेचा एक अर्धवट विरघळलेला खडा.

सगळेजण त्या खड्याकडे न बघण्याची काळजी घेत होते.

“मी एकदाच विचारणार आहे,” टोस्ट म्हणाली.

टोस्ट म्हणजे थोरल्याची मुलगी. तान्ही असताना तिचा पाळणा भट्टीच्या भिंतीला लागून असे, त्यामुळे ती अशी कडक निघाली हे अण्णांचं निदान, आणि नावही त्यांचंच. एकदाच विचारणार असं ती सकाळपासून सगळ्यांना सांगत होती.

“हा खडा आत कुणी टाकला?”

अण्णांनी केकचा आणखी एक घास घेतला.

“ठीक आहे. मग मीच सांगते. काकूनं.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काकू पेन्सिलीला टोक करत होती. तिच्या हातात कायम टोक केलेली पेन्सिल असे, आणि याच गोष्टीचा टोस्टला सगळ्यात जास्त राग होता.

त्याचं असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी टोस्टनं याच टेबलावर सांगितलं की तिला उपयोजित जीवशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळाला. घरातली पहिली पदवी. आईनं डोळे पुसले, बाबांनी घसा खाकरला, अण्णांनी विचारलं, “जीवशास्त्र समजलं. उपयोजित म्हणजे?”

“म्हणजे उपयोगाचं, अण्णा.”

“मग बाकीचे काय बिनउपयोगाचं शिकतात?”

हे एवढं कौतुक आठवडाभरही पुरलं नाही. पुढच्याच रविवारी काकूनं, पोराला दूरच्या गावी नोकरी लागून घर रिकामं झालेल्या काकूनं, लग्नामुळे पहिल्या वर्षाला शिक्षण सुटलेल्या काकूनं, भाजीची वाटी पुढे करावी तसं सांगितलं, “मीपण घेतला प्रवेश. तोच कोर्स. तोच वर्ग.” काकांनी टाळ्या वाजवल्या. टोस्टच्या हातातला घास हातातच राहिला.

तेव्हापासून वर्गातली पोरं काकूला काकू म्हणत होती. वसतिगृहातली तर दुपारी तिच्या डब्याभोवती अशी जमत, जणू प्रयोगशाळेत नवं यंत्र आलंय. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी काकू अशा काढायची की मॅडमनी तिची वही वर्गभर फिरवली होती. टोस्टनं काही शंका विचारली की मागच्या बाकावरून उत्तर येई, “तुझ्या काकूंना विचार ना.” आणि मॅडम, ज्या काकूपेक्षा वयानं लहान होत्या, त्यांनी एकदा हजेरी घेताना टोस्टच्या तोंडाकडे बघून क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “तू ना? काकूंची पुतणी.”

वीस वर्षं टोस्ट कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी नात म्हणून वावरली होती, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. पण स्वतःच्या वर्गात पुतणी!

आता शेवटचं वर्ष होतं. समुद्रकाठच्या संशोधन केंद्रात अख्खं सत्र काम करायला मिळणार होतं, आणि वर्गातून एकालाच. ज्याचा प्रकल्प उत्तम, त्याची मॅडम शिफारस करणार. नाव आज रात्रीपर्यंत केंद्राला जाणार होतं, आणि उद्या सोमवारी नुसतं सादरीकरण. आणि वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं की ही चढाओढ एकाच घरात आहे.

“काकू, तू जळतेस माझ्यावर,” टोस्ट म्हणाली. “सरळ सांग ना.”

“हळू बोल,” आई म्हणाली. “आणि असं नाही बोलू मोठ्यांशी. खरं असलं तरी.”

“ताई!” काकू म्हणाली.

“मी कुठं काय म्हटलं?”

बाबांनी घसा खाकरला. त्यांना वाद आवडत नसत. वाद सुरू झाला की ते उठून काहीतरी पुसायला लागत. आता हाताशी फडकं नव्हतं म्हणून ते टेबलाची कड अंगठ्यानं पुसत होते. “बाळा, नीट सांग बघू. एक खडा साखर पडली तर एवढं काय बिघडलं? चांगलं फुगलंय की.”

“तेच तर बिघडलंय बाबा! ते फुगायला नको होतं. मरायला हवं होतं!”

बेकरीवाल्यांच्या घरात खमिराबद्दल असं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. हे खमीर अण्णांच्या आजोबांनी लावलेलं. रोज थोडं काढायचं, थोडं पीठ-पाणी घालायचं, असं करत ते आजवर जिवंत ठेवलेलं. त्याच्या मोठ्या भांड्याजवळून जाणाऱ्यानं चिमूटभर पीठ टाकल्याशिवाय पुढं जायचं नाही, हा घरचा रिवाज. पोरं चालायला लागली की आधी हे शिकत, मग बोलायला.

“हे बघा,” टोस्टनं शक्य तितका संयम आणला, म्हणजे नाकपुड्या फुगवल्या. “माझा प्रकल्प हा आहे की खमिराला खायला दिलं नाही तर त्यातले सूक्ष्मजीव किती दिवस टिकतात. निम्म्या बरण्यांना मी पीठ घालते, निम्म्यांना नाही. दर आठवड्याला दोन्हींतला थेंब थेंब घेते, पातळ करते, ताटलीत पसरते, आणि ताटलीत जितके ठिपके उगवतील तितके जिवंत होते असं धरते. कळलं? या उपाशी बरण्यांत ठिपके कमी कमी व्हायला हवे होते.”

“आणि?”

“वाढत गेले. पीठ घातलेल्या बरण्यांपेक्षा जास्त.” तिचा आवाज चिरकला. “मला वाटलं मला काहीतरी सापडलं! उपाशीपोटी वाढणारा जीव! मॅडम म्हणाल्या, असं कुणी पाहिलेलं नाही. सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या.”

त्या वेळी काकूचा चेहरा कसा झाला होता, हे टोस्टनं मनात जपून ठेवलं होतं. रात्री झोप येईना की ती तो चेहरा काढून बघत असे.

“म्हणून हिनं साखर टाकली,” तिनं समारोप केला.

काकूनं पेन्सिल खाली ठेवली. “मी तुझ्या बरणीला बोटही लावलेलं नाही.”

“मग कुणी लावलं? भुतानं?”

यावर अण्णा केक चघळत, जरा घुटमळत म्हणाले, “त्या बरणीवर ‘उपाशी’ असं लिहिलंय.”

“हो. मग?”

“मग काय मग! आमच्या घरात बरणीवर ‘उपाशी’ लिहिलेलं असलं की माणूस काय करील? मला वाटलं तू निरोप ठेवलायस.”

“अण्णा, तुम्ही?”

“एकच खडा. आज पहाटे, कोमट पाण्याबरोबर. फार मलूल दिसत होतं गं.”

टोस्ट आजोबांकडे बघत राहिली. तिच्या रागाला बसायला जागा मिळेना. “पण एका खड्यानं एवढं कसं वाढेल? इतके आठवडे?”

काकांनी खुर्ची मागे सरकवली. “मीपण... म्हणजे, येताजाता. चिमूटभर. हाताला सवय आहे, हातच जातो.”

“काका!”

“मी फक्त शनिवारी,” बाबा टेबलाची कड पुसत म्हणाले. “चमचाभर गव्हाचं पीठ. पौष्टिक असतं.”

“बाबा, तुम्हाला मी समजावून सांगितलं होतं!”

“सांगितलंस. ते मी ऐकलंही. पण रिकाम्या पोटी ठेवायचं म्हणजे... जीवच आहे ना शेवटी. तूच म्हणतेस, सूक्ष्मजीव.”

आता टोस्टनं आईकडे पाहिलं. आई हातातल्या पदराच्या टोकाची घडी घालत होती, उलगडत होती.

“तू नको सांगूस की तूपण.”

“रोज,” आई म्हणाली.

“रोज?”

“सकाळ-संध्याकाळ.” मग आईनं मान वर केली, आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा वेगळाच आला. “तुम्ही दोघी प्रयोगाला म्हणून घरातल्या त्या थंड खोलीत जाता. दार लावून घेता. ताटल्या काय, ठिपके काय, आतून तुमचं हसणं ऐकू येतं...”

“आम्ही हसत नाही आई, आम्ही भांडतो.”

“बाहेरून तसंच ऐकू येतं. इथं दोघी सुना एकाच वर्षी आल्या. एकीनं कॉलेजचा अर्ज आणला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कुणी विचारलं का, तुलाही जायचंय का म्हणून? मी गेले नसते. पण विचारायला काय झालं होतं? मग एक दिवस तुम्ही दोघी कॉलेजात, मी झाडायला म्हणून आत गेले, तर या बरण्या. सगळ्यांना खायला घातलेलं, आणि या एका कोपऱ्यात उपाशी. म्हटलं, चला, इथं तरी कुणाला माझी गरज आहे.”

काकू आईकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आईनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, कारण इतक्या वर्षांचा हेवा एका दुपारच्या पाण्यानं वाहून जाऊ देण्याएवढी ती उधळी नव्हती.

टोस्ट मटकन बसली. तिचा उपाशी जीव, कुणी न पाहिलेला, मॅडमनी वर्गासमोर नावाजलेला, तो घरातला सगळ्यात खाऊनपिऊन सुखी जीव निघाला होता. त्याला दिवसातून इतक्यांदा मिळत होतं की भट्टीतल्या खमिरानं त्याचा हेवा करावा.

“म्हणजे सगळ्यांनी घातलं,” ती म्हणाली. “काकू सोडून.”

“तेच सांगतेय ना मी मघापासून,” काकू म्हणाली. “मीही तेच शिकते. मला माहीत आहे उपाशी ठेवलेली बरणी म्हणजे काय. तिला हात लावायचा नाही.”

“तुला माहीत होतं.”

“अर्थात.”

“मग आईला पीठ घालताना तू पाहिलं नाहीस कधी? रोज? सकाळ-संध्याकाळ?”

काकूनं पेन्सिल उचलली. टोक बघितलं. पेन्सिल खाली ठेवली.

“पाहिलं,” ती म्हणाली.

“कधी?”

“पहिल्याच आठवड्यात.”

“आणि बोलली नाहीस?”

“मी काही केलं नाही.”

“हो ना! काहीच केलं नाहीस!” टोस्ट पुन्हा उभी राहिली होती. “माझा प्रयोग बुडताना काठावर उभी राहून बघत राहिलीस! या घरात ज्यांनी बरणीला हात लावला त्यांचा दोष नाही, आणि जिनं लावला नाही तिचाच सगळा!”

“मग ऐक,” काकूचाही आवाज चढला. “सांगणार होते मी. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगणार होते. तेवढ्यात मॅडमनी सूक्ष्मजीवांची लॅटिन नावं विचारली. मी आठवडाभर भांडी घासताना, दळण निवडताना ती घोकली होती. आणि तू बसमध्ये एकदा चाळून आली होतीस. घडाघडा म्हणालीस. पोरं म्हणाली, काय डोकं आहे. मला वाटलं, असू दे. हिला एक दिवस अडखळू दे. मग दुसरा आठवडा गेला. मग मॅडम म्हणाल्या, नवा शोध आहे. मग कसं सांगायचं? सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, म्हातारी जळते.”

“जळतच होतीस!”

“होतेच!” काकू म्हणाली. “म्हणून तर सांगता येईना.”

अण्णांनी, घराण्याच्या इतिहासाला गेलेला तडा बघून, हळूच छातीवरचा केकचा चुरा झटकला.

सभेत आता दोन तट पडले होते. आई, आयुष्यात पहिल्यांदाच, जावेच्या बाजूला झुकली होती, कारण जावेनं निदान कबूल तरी केलं होतं. काका बायकोपासून खुर्ची लांब घेत होते. बाबांना हे काहीच सहन होईना. तेव्हा त्यांनी वातावरण निवळावं म्हणून, अगदी चांगल्या हेतूनं, एक वाक्य टाकलं.

“धाकटीच्या बरण्यांना मात्र मी कधी काही घातलं नाही हं. फक्त झाकणं धुवायचो.”

काकूनं त्यांच्याकडे पाहिलं. “काय धुवायचात, भावजी?”

“झाकणं. शनिवारी सगळ्या डब्यांची झाकणं उकळत्या पाण्यातून काढतो ना, त्यातच. चकचकीत करून पुन्हा लावून ठेवायचो.”

“कुठलं झाकण कुठल्या बरणीला?”

“जे हाताला येईल ते. सगळी एकाच मापाची आहेत की.”

काकूच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिचा प्रकल्प होता मिठाचा: एका बरणीत मीठ नाही, एकीत थोडं, एकीत बरं, एकीत भरपूर, आणि खमिराचा आंबटपणा कसा बदलतो ते मोजायचं. बेकरीत पिठाचे डबे जमिनीवर रांगेनं असतात, वरून बघायचे असतात, म्हणून नाव नेहमी झाकणावर. काकूनं इतकी वर्षं तेच केलं होतं, प्रयोगातही तेच केलं. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला मॅडमनी सांगितलं होतं, चिठ्ठी बाटलीच्या अंगावर लावा, झाकणावर नाही; पण तो तास काकूनं वर्गात आपल्याकडे कोण कोण बघतंय हे मोजण्यात घालवला होता.

“म्हणजे माझी खारट बरणी,” काकू सावकाश म्हणाली, “जी सगळ्यात जोरात फुगली... जिच्यावर मी अख्खं प्रकरण लिहिलंय...”

“ती बिनमिठाची असणार,” टोस्ट म्हणाली.

ती जरा जास्तच लवकर म्हणाली. काकूनं मान वळवली.

“तुला माहीत होतं.”

टोस्टनं बरणीकडे पाहिलं, खड्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. कुठूनच मदत येईना.

“मी बाबांना झाकणं लावताना पाहिलं होतं,” ती म्हणाली. “दोन-तीनदा.”

“आणि?”

“आणि तुझी वही वर्गात फिरली होती त्या दिवशी.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. टोस्टला वाटलं होतं की पकडलं गेलं की लाज वाटेल. लाज वाटलीच. पण तिच्याखाली, तळाशी, तिला एक विचित्र बरं वाटत होतं: काकूनं तिचा हेवा केला होता. काकूंच्या पुतणीचा. असा मन लावून, आठवड्यामागून आठवडे, कुणी तिचा हेवा केला नव्हता. आणि काकूच्या तोंडाकडे बघता तीही हेच मनात चाखत होती, अशी टोस्टला दाट शंका आली.

“मॅडमना सांगायला हवं,” काकू म्हणाली.

“मी सांगते.”

“मी मोठी आहे, मी सांगते.”

“प्रयोग आधी माझा बिघडला!”

“आणि प्रामाणिकपणाचं श्रेय एकटी घेणार होय? सरक.”

फोन टेबलावर ठेवून दोघी त्याच्यावर वाकल्या आणि एकाच वेळी बोलू लागल्या. पलीकडून मॅडम बराच वेळ “एकेक, एकेक” म्हणत होत्या. मग त्यांना सगळं कळलं. मग फोनमधून काहीच येईना. टोस्टला वाटलं लाइन गेली. मग लक्षात आलं, मॅडम हसू दाबतायत.

“नापास करत नाही मी तुम्हाला,” शेवटी त्या म्हणाल्या. “काय बिघडलं आणि का, तेच दोघी मिळून लिहून आणा. मला ते वाचायचंय. पण केंद्राची जागा मला आज रात्रीपर्यंत कळवायची आहे, आणि अशा आकड्यांवर मी तुमच्यापैकी कुणालाच पाठवू शकत नाही. शेवाळ्याला पाठवते.”

“शेवाळ्याला?” दोघी एका आवाजात.

शेवाळ्या म्हणजे मागच्या बाकावरचा तो, जो तळ्यातल्या शेवाळावर काम करत होता, किंवा करत नव्हता.

“त्याच्या तुलनेसाठी तशाच ठेवलेल्या बाटल्यांना कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही. इतके स्वच्छ आकडे मी क्वचित पाहिलेत.”

“मॅडम, त्या तो कपाटात ठेवून विसरला होता!” टोस्ट ओरडली.

“असेल. पण हात लागला नाही ना?”

फोन बंद झाला. समुद्रकाठ गेला. टोस्ट आणि काकू शेजारी शेजारी बसल्या होत्या. कधी बसल्या ते दोघींनाही कळलं नव्हतं.

“त्याला नमुना पातळ करता येत नाही,” काकू म्हणाली.

“ताटलीवर चिठ्ठी लावता येत नाही.”

“माझ्या डब्यातून रोज खातो मेला.”

“आणि डबा धूत नाही.”

“मी सांगते तुला, त्याला तिथं पहिल्या आठवड्यात हाकलतील.”

“दुसऱ्या. पहिल्यात त्यांच्या लक्षात येणार नाही तो आलाय.”

दोघींचं हे इतकं छान चाललं होतं की आईला राहवेना, ती खुर्ची ओढून त्यांच्यात येऊन बसली आणि तो मुलगा कोण, कसा दिसतो, हे काही माहीत नसताना म्हणाली, “मला तो पहिल्यापासूनच आवडला नव्हता.” काकूनं तिच्यापुढे केकची बशी केली. चिरलेलं घर कुठंतरी सांधलं जात होतं, एका परक्या पोराच्या नावानं बोटं मोडत. अण्णांना समाधान वाटलं. घराण्यात पुन्हा कुणी कुणावर जळत नव्हतं.

काकूचा फोन वाजला. तिनं बघितलं, आणि ओठ घट्ट मिटून तो टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

“काकू!” शेवाळ्याचा आवाज आनंदानं ओसंडत होता. “मॅडमचा फोन आला होता, मला तर विश्वासच बसेना! ऐका ना, माझी गाडी गुरुवारी पहाटेची आहे. तुमची पावाची व्हॅन त्याच वेळी स्टेशनवरून जाते ना? मला घेऊन जाल का? आणि जमलं तर पुढं बसू द्या हं. मागं पिठानं कपडे भरतात.”